लाल विहीर, हिरवी हापशी

माझ्या घरी पाणी शुद्ध करायचं यंत्र आहे. ते तपासायला अधूनमधून एक पोरगा येतो, आतली कांडी बदलतो आणि म्हणतो, "मॅडम, आता बिनधास्त प्या." मी त्याला जुनी कांडी दाखवायला लावते, नवीचं पाकीट माझ्यासमोर फोडायला लावते, आणि एवढं करूनही तो गेल्यावर पहिलं पाणी झाडांना घालते. सून हसते. म्हणते, आई, तुमचा कुणावर म्हणून विश्वास नाही. नाहीच. खात्रीनं बोलणारा माणूस दिसला की माझ्या कपाळाला आठी पडते, आणि ती आठी आमच्या वस्तीच्या हापशीनं पाडलेली आहे.

आमचं गाव नांदुऱ्यापासून सायकलच्या टप्प्यात, खारपाणपट्ट्यातलं. जमीन काळीभोर, पण विहीर खणावी तर पाणी मचूळ. त्या पाण्यात तुरीची डाळ सकाळी चुलीवर चढवली तर दुपारपर्यंत दाणा न् दाणा वेगळा. चहा केला तर पाहुणा अर्धा कप ठेवून उठणार. अशा गावात, ताई रांगत होती तेव्हा, सरकारनं आमच्या बौद्धवस्तीत हापशी बसवली आणि खूप खोलवरून गोड पाणी लागलं. त्याआधी आमच्या बायका वरच्या आळीत आबासाहेब देशमुखांच्या विहिरीवर जात. जात म्हणजे बांधापासून लांब उभ्या राहत. गडी पोहरा ओढायचा आणि वरून त्यांच्या घागरीत ओतायचा, त्याला सवड मिळेल तेव्हा. दोराला हात लावायचा नाही. माझी माय नवी नवरी असताना तिथं उन्हात उभी राहिलेली होती. हापशी आली त्या दिवसापासून तिनं त्या विहिरीकडे मान वळवली नाही.

गंमत अशी की पुढे आबासाहेबांचा तोच गडी दुपारी, आळी झोपलेली असताना, कळशी घेऊन आमच्या हापशीवर यायला लागला. घरच्यांना शिजलेली डाळ हवी होती ना. माय त्याला कळशी खाली ठेवायला लावायची, चार पावलं मागं सरायला सांगायची आणि आपल्या तांब्यानं वरून भरून द्यायची. "हात नको लावजो भाऊ, आमचं पानी गोड आहे, बाटून जाईन," असं अगदी गंभीर चेहऱ्यानं म्हणायची. गडीही खाली मान घालून हसायचा. आमच्या घरात वरण घट्ट आणि मऊ असायचं, ज्वारीच्या भाकरीवर घातलं तरी जागचं हलायचं नाही, आणि बाबा पहिल्या घासाला हटकून म्हणत, "हे पानी हाय म्हून हे वरन हाय."

बाबा नांदुऱ्याच्या जिनिंगमध्ये कामाला होते. संध्याकाळी परत यायचे ते भुवयांवर आणि कानांच्या केसांवर सरकी-रुईचा फुफाटा घेऊन. हापशीवर अंग धुतलं की त्यांचा खरा चेहरा दिसायचा. शाळा चौथीत सुटलेली, पण विहारात रविवारी वंदनेनंतर पोरांना बसवून सांगायचं काम त्यांचंच. "मोठ्यानं सांगतलं म्हून मानू नका. पुस्तकात हाय म्हून मानू नका. पारखा, मंग माना." हे वाक्य आम्हाला पाढ्यासारखं पाठ होतं. त्या सुमारास त्यांची कंबर धरायची. मूर्तीपुढे वाकताना हात गुडघ्यावर टेकवून, थांबत थांबत वाकायचे. जिनिंगमधल्या गठाणी उचलून तसं होतं, असं सगळे धरून चालले होते. आणि आम्हा पोरांच्या दातांवर तपकिरी पट्टे होते, वस्तीतल्या झाडून सगळ्या पोरांच्या. कुणी म्हणे चिंचा खातात, कुणी म्हणे दात घासत नाहीत. ताईला पाहायला आलेल्या एका बाईनं सरळ विचारलं होतं, पोरगी मिश्री लावते काय? तेव्हापासून ताई ओठ मिटून हसायची. पण दात आणि पाणी यांची सांगड आमच्यापैकी कुणी घातली नव्हती.

एक दिवस जीप आली. साहेब तरुण होता, घामानं थबथबलेला. त्यानं हापशीचं पाणी बाटलीत घेतलं, झाकण लावलं आणि कशासाठी ते न सांगता निघून गेला. वस्तीत चर्चा सुरू झाली ती तिथूनच. कापूस वेचून झाल्यावर दोन माणसं रंगाचा डबा घेऊन आली आणि आमची हापशी दांड्यापासून पायापर्यंत लाल करून गेली. लाल म्हणजे पिऊ नका. का पिऊ नका, हे विचारल्यावर एक जण म्हणाला, पाण्यात काहीतरी आहे, हाडं धरतात, दात खराब होतात. दुसऱ्यानं त्याला गाडीत बसायची घाई केली.

त्या संध्याकाळी विहारात सगळी वस्ती जमली. "गावात यवढ्या विहिरी, मंग लाल आमचीच काऊन?" किसनकाकांनी विचारलं. किसनकाका आमचे शेजारी, बाबांचे लहानपणापासूनचे सोबती, जिनिंगमध्येही बरोबर, आवाज मोठा. आबासाहेबांची विहीर खासगी, तिथं जीप थांबलीच नव्हती. पण आम्हाला ते कारण वाटलं नाही, तो डाव वाटला. गोड पाणी आमच्याकडे आहे हे वरच्या आळीला खुपत होतंच. हापशी बंद पडली की आमच्या बायका पुन्हा त्या विहिरीवर लांब उभ्या राहणार. आबासाहेबांचं वर वजन होतं, हे लहान पोरालाही ठाऊक. दोन आणि दोन चार आम्ही तिथंच केले. आज मागे वळून पाहते तेव्हा त्या संशयाला मी वेडेपणा म्हणू शकत नाही. ज्यांना पिढ्यान्पिढ्या पाण्यावरून हाकललं, त्यांना उद्या कुणी येऊन सांगितलं की हे पाणी पिऊ नका, तर त्यांनी आधी सांगणाऱ्याचा चेहरा पाहायचा नाही तर काय करायचं?

पाणी कुणीच सोडलं नाही. सोडून पिणार काय? माय म्हणाली, "डोयानं तं काही दिसत नाई त्याच्यात. कालपर्यंत सुखानं पीत होतो, आज हरेक घोटाले इचार येते. न सांगते तं बरं होतं." बाबांना मात्र ते चैन पडू देईना. पारखा, मग माना, असं जन्मभर सांगणारा माणूस. पण पारखायचं कसं? आणि मग त्यांच्या डोक्यात ती युक्ती आली. जेवताना त्यांनी घास खाली ठेवला आणि स्वतःशीच हसले. बुलडाण्याच्या ज्या कचेरीत पाणी तपासतात तिथं स्वतः दोन बाटल्या न्यायच्या. एक आमच्या हापशीची, एक आबासाहेबांच्या विहिरीची. पण सांगताना उलटं सांगायचं. साहेब विकला गेलेला असेल तर ज्या बाटलीला आमची म्हणू ती डोळे मिटून खराब ठरवणार, आणि तिच्यात तर पाणी आबासाहेबांचं! "तवा धरतो त्याले, जागच्या जागी," बाबा म्हणाले.

आबासाहेबांच्या विहिरीचं पाणी आणायचं काम माझ्याकडे आलं. त्यांची नात वैशाली माझ्या वर्गात होती. तिच्या गळ्यात पट्ट्याची निळी बाटली असायची. मी तिला म्हटलं, आज बाटल्या बदलू, तू माझं गोड पाणी पी. ती खूश झाली, कारण तिच्या घरी ते फक्त डाळीला मिळायचं. ती माझं पाणी गटागटा प्यायली आणि मी तिचं घरी नेलं. तेव्हा मला फक्त आमच्या कटाचा आनंद होता.

बाबांनी मलाही सोबत नेलं. मोताळ्यावरून एसटी राजूरच्या घाटात चढायला लागली तेव्हा मी दोन्ही बाटल्या मांडीवर घट्ट धरून बसले होते आणि बाबा कानात सांगत होते, निळी कुणाची आणि पांढरी कुणाची ते विसरू नकोस. कचेरीत तोच घामट साहेब होता. बाबांनी अदबीनं उलटं सांगितलं. त्यानं आम्हाला बाहेर बसवलं, दुपारनंतर बोलावलं, आणि म्हणाला, "तुमच्या हापशीचं पाणी चांगलं आहे. थोडं खारट आहे इतकंच. देशमुखांच्या विहिरीचं मात्र अजिबात पिऊ नका." मला क्षणभर काही कळलंच नाही. मग कळलं. साहेब नावाकडे न पाहता पाण्याकडे पाहत होता. तो खरा होता, आणि आमचं गोड पाणी खोटं.

मला पक्कं वाटतं, बाबा त्याच वेळी सांगून टाकणार होते. त्यांनी तोंड उघडलंही होतं. पण साहेबानं त्याआधी हात जोडले. "काका, मागच्या वेळी आमच्याकडूनच दोन गावांच्या बाटल्या इकडच्या तिकडे झाल्या असतील. तुम्हाला उगाच त्रास झाला. मी रंग बदलून देतो." लबाड पकडायला गेलेल्या माणसापुढे सरकारी साहेब माफी मागतो आहे, आणि लबाडी आपल्या हातातल्या रिकाम्या बाटलीत आहे. बाबांचं तोंड उघडं ते उघडंच राहिलं. वर सरकारी काम, केस झाली तर, हीही भीती होतीच. परतताना मोताळ्याच्या स्टँडवर त्यांनी मला भजी घेऊन दिली आणि स्वतः एकालाही हात लावला नाही. रस्ताभर ते स्वतःच्या गुडघ्यांकडे पाहत होते. मध्येच एकदा त्यांनी माझी हनुवटी धरली, ओठ अंगठ्यानं वर केला आणि दात पाहिले. मला फार लाज वाटली.

घरी मायला सांगितलं. ती चुलीतली राख सारखी करत बसली. मग म्हणाली, "आता?" बाबा म्हणाले, रविवारी विहारात सगळ्यांना सांगतो. पण रविवारच्या आधी जीप आली. साहेब शब्दाचा पक्का निघाला, आमचं दुर्दैव. त्यानं हापशी हिरवीगार करून दिली आणि वरच्या आळीत आबासाहेबांच्या विहिरीचा बांध लाल केला.

वस्तीत दिवाळी झाली. ढोल निघाला. पोरं हापशीचा दांडा मारून मारून एकमेकांच्या अंगावर पाणी उडवत होती, बायका घागरी डोक्यावर घेऊन नाचत होत्या, किसनकाका हिरव्या रंगावर हात फिरवून ओरडत होते, "बोल्लो होतो का नाई? डाव होता म्हून!" मीही नाचले. मला माहीत होतं तरी नाचले, कारण एकटी उभी राहिले असते तर कुणीतरी विचारलं असतं. घरोघर खीर शिजली, त्याच पाण्यात. किसनकाकांनी स्वतः वाटी आणली. बाबांनी ती घेतली आणि उभ्या उभ्या, काकांच्या डोळ्यांत पाहत, तळापर्यंत खाल्ली. माझ्या हातातली वाटी मायनं काढून घेतली, "तिचं पोट बिघडलं आहे" म्हणाली. काकांनी एकदा मायकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. संशयाची पहिली काडी तिथं पेटली असावी.

आणि वरच्या आळीत काय झालं? आमची हापशी लाल होती तेव्हा कुत्रं विचारायला आलं नाही. देशमुखांची विहीर लाल झाली आणि आठवडा उलटायच्या आत नळगंगा धरणाच्या पाण्याचा टँकर चौकात उभा राहिला. रोज. आबासाहेबांच्या घरी डाळ शिजायला लागली. टँकर सगळ्या गावाचा, त्यामुळे आम्हालाही कुणी हटकेना. माय रोज पितळेचे दोन गुंड त्यावर भरून आणू लागली, प्यायला आणि स्वयंपाकाला. "हे पाह्य," ती बाबांना म्हणाली, "तुमच्या लबाडीनं गावाले चांगलं पानी आलं. त्याहीची विहीर चांगली, त्याहीले मालूम नाई. कोनाचं काय बिघडलं? गप राहा." बाबा म्हणाले, "आपल्या लोकायचं बिघडून राह्यलं ना. ते हिरवी पाहून पीत हायेत." पण गप राहा, हे ती पुन्हा म्हणाली.

बाबांनी पुढच्या रविवारी सांगितलं. वंदना झाल्यावर उभे राहिले आणि सगळं, निळ्या बाटलीपासून, सांगून टाकलं. मला वाटलं होतं, रडारड होईल, शिव्या बसतील. त्यातलं काही झालं नाही. किसनकाकांचा आवाज आला, या वेळी अगदी हळू. "आबासाहेबानं किती देल्ले?" बाबांना प्रश्न कळायलाच वेळ लागला. मागून एक जण बोलला, "म्हून हे टँकरवर जाऊन राह्यले. हापशी हिरवी होऊन बी." दुसरा म्हणाला, "सरकारनं चांगली म्हनली, अन् आपलाच मानूस खराब म्हनते." ज्यांना बाबांनी पारखायला शिकवलं होतं त्यांनी बाबांनाच पारखलं, आणि खोटं ठरवलं. लोक एकेक करून उठले. जाताना हापशीवर थांबून, मुद्दाम आमच्याकडे पाहत पाणी प्यायले. त्या दिवशी मी माझ्या माणसांचा मनापासून राग केला. आज राग नाही, पण किसनकाका पुढं कमरेतून वाकले ते जन्मभर जमिनीकडे पाहत चालले, आणि तरी शेवटपर्यंत त्यांनी ते गठाणींवरच ढकललं, हे मी विसरू शकत नाही. सुखी होते का ते? होते, बहुधा. बाबांपेक्षा तर नक्कीच.

घरचे मानत नाहीत म्हटल्यावर बाबा थेट आबासाहेबांकडे गेले. मला त्यांनी सोबत घेतलं, साक्षीदार म्हणून असेल. आबासाहेब ओट्यावर पेपर वाचत होते. वाईट माणूस नव्हता. वैशालीला आणि मला एकत्र खेळू द्यायचे, घरात सोडून कुठंही. बाबांनी खाली उभं राहून सगळं सांगितलं. तुमची विहीर चांगली आहे, आमची हापशी खराब आहे, तुम्ही साहेबांना सांगा, तुमचं ऐकतील, दोन्हींचा रंग बदलू द्या. आबासाहेबांनी चष्मा काढला, पुसला. मग चौकातल्या टँकरकडे पाहिलं. बायकांची रांग लागली होती, त्यात त्यांची सूनही होती.

"सांगतलं ते बरं केलं," ते म्हणाले. "पन आता कोनाले सांगू नको. विहीर चांगली हाय म्हनलं तं टँकर बंद होईन. पुढं नळ येऊन राह्यला, तो बी राहून जाईन. घरात सारे खुश हायेत बे. काऊन उकरून काढतं?"

"अन् आमची वस्ती?"

"त्याहीले तं तू सांगतलंच ना. नाई मानत तं आपन काय करावं."

बाबा घरी येऊन भिंतीला टेकून बसले. म्हणाले, मी खरं बोलून दोन्हीकडून हरलो. खोटं बोललो तेव्हा गावानं ढोल वाजवला होता. त्यांचा आवाज इतका थकलेला मी कधी ऐकला नव्हता, आणि मला वाटलं, देवा, आपण त्या बाटल्या नेल्याच नसत्या तर. आम्ही देव म्हणत नाही, पण त्या वेळी तोच शब्द आला.

माय चुलीपुढं बसली होती. "म्हंजे आता आबासाहेबाले मालूम हाय?" तिनं विचारलं. "हाव," बाबा म्हणाले. "अन् ते कोनाले सांगू शकत नाई?" "नाई." मायनं भाकर उलटली. थोड्या वेळानं तिच्या तोंडावर एक हसू आलं, गड्याची कळशी वरून भरताना यायचं तसलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं गुंड घेतला, कोपऱ्यातला दोर आणि आमचा पोहरा घेतला. मी मागोमाग गेले. चौकात टँकर यायचा होता, वरच्या आळीच्या बायका रिकामी भांडी मांडून उभ्या होत्या. माय रांगेजवळून पुढं गेली, लाल बांधापाशी थांबली आणि बांधावर चढली. आमच्यातली कुणी बाई त्या बांधावर चढल्याचं गावानं कधी पाहिलं नव्हतं. रांगेतून एक जण ओरडली, "अवं, लाल हाय ते! मराचं हाय काय?"

"आमाले चालते," माय म्हणाली.

ओट्यावर आबासाहेब उठून उभे राहिले. पेपर त्यांच्या हातातच होता. माय दोराचा फास पोहऱ्याला आवळत होती. ती थांबली, आणि लग्न होऊन आल्यापासून पहिल्यांदाच त्या माणसाकडे सरळ पाहून बोलली, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात. "बोला ना आबासाहेब. विहीर कशी हाय, सांगा साऱ्याइले."

बायका त्यांच्याकडे पाहू लागल्या. त्यांची सूनही. आबासाहेबांनी एकदा मायच्या हातातल्या दोराकडे पाहिलं, एकदा वेशीकडून धूळ उडवत येणाऱ्या टँकरकडे. मग ते सावकाश खाली बसले आणि पेपर तोंडापुढं धरला.

मायनं पोहरा विहिरीत सोडला.